चिंधा नानांचे धुतलेले पाय

१

मंगळवारी दुपारी, सगळे चहा पीत असताना, चिंधा नाना नाहीसे झाले.

जागा आधी सांगते. जळगावहून धुळ्याकडे निघालात की पारोळ्याच्या अलीकडे 'ओटा' नावाची म्हाताऱ्यांची वसाहत लागते. पुढे बैठी घरं आहेत. ज्यांचे हातपाय आणि चूल दोन्ही चालतात, ते तिथे राहतात. मधे एक लांब ओळ आहे, तिथे आंघोळीला आणि गोळ्यांना मदत मिळते. मागे शुश्रूषा. तिथल्या दाराला बाहेरून कडी असते, कारण आतल्या माणसांना आपण कुठे निघालो हे आठवत नाही. पुढून मागे जायला एक अंगण ओलांडलं की झालं.

माझी मुलगी पुण्याहून फोनवर सारखी हेच ऐकवायची. "आई, एकाच आवारात सगळं आहे. पुढे काही झालं तर घर बदलायला नको." मी म्हणायचे, "म्हणजे रांगच ना ग? पुढून शिरायचं, मागून निघायचं." ती चिडायची. शेवटी तिचं मन राखायला मी आठवडाभर राहून बघायचं कबूल केलं. मी दिपमाला पाटील, अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. विज्ञान किती पोरांच्या डोक्यात शिरलं देव जाणे, पण डबे पळवणारी पोरं मात्र मी हमखास पकडली. त्याची युक्ती एकच. तोंडाकडे बघायचं नाही, हातापायांकडे बघायचं. तोंड खोटं बोलतं, हातापायांना ते जमत नाही.

नानांची गोष्ट अशी की ते कोणाबरोबर उठतच नसत. सेवक हात लावायला गेला की खाटेचा दांडा घट्ट धरून बसत. फक्त बायको आली की उठायचे. बायको म्हणजे नर्मदाबाई. त्या पुढच्या बैठ्या घरात एकट्या राहायच्या आणि सकाळ-दुपार अंगण ओलांडून नवऱ्याकडे जायच्या. आणि असा हा खाटेला चिकटलेला माणूस भरदिवसा कडीबंद दारातून गायब झाला. वहाणा खाटेखाली होत्या तशाच राहिल्या.

आरडाओरडा झाला, विहिरीत डोकावून झालं. व्यवस्थापक भूपेंद्र हातात काठी घेऊन केळीच्या बागेपर्यंत धावत गेला, काठी कशाला ते त्याचं त्यालाच माहीत. आणि नाना सापडले मधल्या ओळीच्या मागे, कडुनिंबाखालच्या बाकावर. शांत बसले होते, देवदर्शन करून आल्यासारखे.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. श्रावणाची झड लागून गेलेली, सगळं आवार चिखल. त्यांच्या धोतराचा काठ चिखलाने भरला होता. पण पाय स्वच्छ होते, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा चिखलाचा कण नव्हता. कोणीतरी ते पाय धुतले होते आणि नीट पुसलेही होते.

माणूस पळवणारा त्याचे पाय कशाला धुवेल?

२

"पाय-बिय राहू द्या, बाई," भूपेंद्र म्हणाला. "नाना एकाच माणसाबरोबर उठतात. आता आणखी काय सिद्ध करायचं?"

आम्ही डॉक्टर वृषाली सुरवाड्यांच्या खोलीत होतो. 'ओटा'चा सगळा कारभार त्यांच्याकडे. एके काळी त्या माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायच्या, म्हणून मला तिथे खुर्ची मिळाली. समोर नर्मदाबाई बसल्या होत्या. सत्तरीची, काटक बाई, डोक्यावर पदर नाही, नजर सरळ.

"मी नेलं नही, डॉक्टर. कानबाईनी शपथ."

"कोणी नेलं हे कळलं नाही तर माझा नाइलाज आहे," वृषाली म्हणाली. तिला डॉक्टर म्हणायचं मी बाहेरच्यांसमोर पाळते, इथे नाही पाळत. "गुरुवारी विश्वस्त येतील. बाहेरचं माणूस कडी काढून पेशंटला नेतं म्हटल्यावर ते नानांना इथे ठेवणार नाहीत. नाशिकला बंदिस्त केंद्र आहे, तिथे हलवतील."

"आनि मी?"

नाशिकच्या त्या केंद्रात धडधाकट माणसाला जागा नव्हती.

नर्मदाबाईंचा आवाज तेवढा एकदाच हलला. "पोरगा म्हने, आई, त्यास्ले दवाखानामा ठेव, तू मनाकडे ये. मी म्हनं नही. बठ्ठा जागा फिरीसन देखं. कोठे माले जागा शे, त्यास्ले नही. कोठे त्यास्ले शे, माले नही. आठे दोन्हीस्ले शे, म्हनीसन आठे उनूत. रोज मी जास, ते वयखतस नही वयखतस, पन मी जास. आते ते नाशिकले गयात तर मी कोनाकडे जाऊ?"

ओळखोत न ओळखोत, मी जाते. माझे यजमान गेले तेव्हा मी शाळेत परीक्षेचे पेपर तपासत होते, आणि ह्या बाईने रोज अंगण ओलांडता यावं एवढ्यासाठी सगळा खानदेश पालथा घातला होता.

"उद्या संध्याकाळपर्यंत मला दे," मी वृषालीला म्हटलं.

"बाई, तुम्ही इथे राहून बघायला आलाय. पोलीस म्हणून नाही."

"बघतेच आहे ना. नीट बघते."

भूपेंद्र हसला. तेवढ्यात शुश्रूषेतला सेवक ललित दारात आला. म्हणाला, "डॉक्टर, नाना जेवत नाहीयेत. ताटाला हातच लावला नाही. आणि त्यांच्या सदऱ्यावर कसलातरी डाग आहे."

३

डाग तांबडा-पिवळा होता, छातीवर, घास सांडावा तसा. मी वास घेतला. गंगाफळ, म्हणजे आपला लाल भोपळा, गूळ घालून केलेली घट्ट भाजी. नानांनी माझ्यादेखत छान ढेकर दिला. हा माणूस उपाशी नव्हता, पोटभर जेवून आला होता. स्वयंपाकघरात विचारलं, तर त्या आठवड्यात गंगाफळ आणलंच नव्हतं.

म्हणजे कोणीतरी नानांना नेलं, पाय धुतले, जेवू घातलं आणि परत आणून सोडलं. चोर भेटावा तर असा.

ललितला मी बाजूला घेतलं. मध्यमवयीन माणूस, पण माझ्यासमोर उभा राहिला तो थेट सातवीतल्या पोरासारखा, हात मागे बांधून.

"झोपला होतास," मी म्हटलं.

"कोणी सांगितलं?"

"गालावर चटईचे वळ आहेत."

त्याने कबूल केलं. रात्रपाळीवर दिवसपाळी जोडून आली, चहाच्या वेळेला रिकाम्या खोलीत पाठ टेकली, डोळा लागला. कडी लावलेली होती, पण कडी काय, बाहेरून कोणीही काढू शकतं. "बाई, माझी नोकरी जाईल," तो म्हणाला. मी म्हटलं, "खरं बोललास ना, मग बघू." त्याने नेलं नव्हतं. नेणारा माणूस झोपल्याचं कबूल करताना एवढा घाबरत नाही.

भूपेंद्रवरही माझा संशय होता, तो लपवत नाही. त्याचे सख्खे काका शुश्रूषेतल्या जागेची वाट बघत होते. नानांची खाट रिकामी झाली तर कोणाचं भलं होणार होतं? पण चहाच्या वेळेला तो माझ्यासमोरच बसून मला नियम वाचून दाखवत होता. एवढा कंटाळवाणा पुरावा खोटा असणार नाही.

संध्याकाळी जेवणघरात मी नर्मदाबाईंसमोर बसले. त्या भूपेंद्रशी बोलल्या, ललितशी बोलल्या, वाढणाऱ्या म्हाताऱ्याला "भाजी आनखी घाला" म्हणाल्या, सगळं मोकळ्या डोक्याने. मधेच वारा आला असावा, कारण त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली घेतला. मी उठून खिडकी लावायला गेले, तर ती आधीच लावलेली होती.

दाराशी कौतिक आबा आपलं ताट धुऊन ठेवत होते. शेवटच्या बैठ्या घरातले. उंच, वाळके, चारेक महिन्यांपूर्वी आलेले. शिंदखेड्याकडचे एवढंच लोकांना माहीत. रोज लवकर येऊन कोपऱ्यात जेवत, कोणाशी बोलत नसत. मी त्यांनाही विचारलं, नानांना कोणाबरोबर जाताना बघितलं का.

"माले काय मालूम? मी तिकडे जास नही."

त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर फोड आले होते.

"हाताला काय झालं?"

"चहा सांडना," म्हणाले आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी मी खूप डोकं चालवलं. एक प्रश्न काही केल्या सुटेना. नानांना जेवू घालायचं होतं तर डबा घेऊन आत जायचं. नर्मदाबाई रोज काही ना काही नेत, कोणी अडवत नसे. एवढा धोका पत्करून, चिखल तुडवत, माणसालाच बाहेर का काढायचं?

सकाळी त्याचं उत्तर एका कुत्रीने दिलं.

४

"विष!" भूपेंद्र ओरडला. "नर्मदाबाईंच्या परसात विष पुरलंय!"

बैठ्या घरांच्या मागे सगळ्यांची मिळून एक लांब परसबाग आहे. तिथे शेवग्याखाली आवारातल्या कुत्रीने ओली माती उकरली होती. वर एक दगड ठेवलेला, तो तिने बाजूला सारला होता. खड्ड्यातून जाड, तांबूस कणकेचे तुकडे निघाले होते आणि कुत्री ते आनंदाने खात होती. विष असतं तर शेपूट इतकी हलली नसती, पण भूपेंद्रला कोण सांगणार.

मी खाली वाकून एक तुकडा उचलला आणि थबकले. पोळी नाही, भाकरी नाही. रोट.

आरडाओरडा ऐकून वृषालीही आली होती, तिला मला हे समजावून सांगावं लागलं. तिच्या घरी हे नाही, शेजारीपाजारी बघितलं असेल तेवढंच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी. तिच्यासाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठमूठ गहू घेऊन दळायचे आणि त्याचे रोट करायचे, सोबत गंगाफळाची भाजी. हा रोट भाऊबंदांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही, आणि ज्या घरात देवी बसली त्या घराच्या उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. पौर्णिमेच्या आत संपला नाही तर उरलेला जमिनीत पुरायचा. लग्न झाल्यावर मला माहेरच्या रोटाचा तुकडासुद्धा मिळाला नाही. माझी आई एरवी जीव टाकायची माझ्यावर, पण रोटाच्या बाबतीत मी तिला परकी झाले होते. त्याचा राग मला अजून आहे.

"म्हणजे," वृषाली सावकाश म्हणाली, "डबा आत नेता येत नव्हता."

"नाही. रोट माणसाकडे जात नाही, माणसालाच रोटाकडे यावं लागतं. म्हणून पाय धुतले. देवीसमोर चिखलाचे पाय चालत नाहीत."

कोडं अर्धं सुटलं म्हणून मी खुशीत होते. तेवढ्यात मागे कोणीतरी मटकन खाली बसल्याचा आवाज आला. नर्मदाबाई. त्या माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघत होत्या.

"माय वं," एवढंच म्हणाल्या.

"बघा!" भूपेंद्र म्हणाला. "भाऊबंदच खाऊ शकतात ना? मग नानांच्या घरचं इथे दुसरं आहे कोण?"

मी नर्मदाबाईंजवळ बसले. "तुम्हाला कळलंय हे कोणी केलं," मी म्हटलं. "नाव सांगा. नाहीतर उद्या नाना नाशिकला जातील."

"रोटनी तक्रार करतस का कोन्ही, बाई?" म्हणाल्या आणि उठून घरात गेल्या. दार लावून घेतलं.

नवरा हातचा जायची वेळ आली तरी ही बाई तोंड उघडत नव्हती. आता तिला वाचवायचं तर मलाच कोणाला तरी पकडायला हवं होतं.

५

मी तो तुकडा घेऊन ओट्यावर बसले आणि उलटसुलट करून बघितला.

नर्मदाबाईंच्या हातची पोळी मी दोन दिवसांपूर्वी खाल्ली होती, कागदासारखी पातळ. आयुष्यभर तव्यावर हात चाललेल्या बाईचा रोट जाड असला तरी सारखा भाजलेला असतो. हा तुकडा वरून करपलेला होता, कडांना तडे, मधे कच्चा, आणि खालच्या बाजूला राख चिकटलेली. हा तव्यावरचा नव्हताच. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजला होता, बट्टीच्या कणकेच्या गोळ्यासारखा. आणि आमच्याकडे शेतात, गोवऱ्यांवर बट्टी कोण भाजतं? पुरुष. घरात पाणी तापवायला येत नसलं तरी वांग्याचं भरीत आणि बट्टी म्हटलं की गडी पुढे.

म्हणजे रोट करणारा पुरुष होता. एकटा, घरात बाई नसलेला, विस्तवात बोटं भाजून घेणारा.

चहाने बोटांच्या टोकांना फोड येत नाहीत. चहा सांडतो तो हातावर.

पण कौतिक आबा नानांचे कोण? त्या दोघांना कोणी एकत्र बघितलेलं नव्हतं. नर्मदाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत. आणि तिथेच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. जेवणघरात खिडकी बंद होती. वारा आलाच नव्हता. नर्मदाबाईंनी पदर ओढला तेव्हा कौतिक आबा ताट घेऊन दाराकडे जात होते. डॉक्टरसमोर, व्यवस्थापकासमोर, परक्या म्हाताऱ्यांसमोर उघड्या डोक्याने बोलणारी बाई एकाच माणसासमोर डोकं झाकत होती. आमच्या भागातली त्या वयाची बाई असं एकाच नात्यासाठी करते. तो तिचा जेठ असतो, नवऱ्याचा मोठा भाऊ. भांडण असो, अबोला असो, तोंड बघायची इच्छा नसो, पदर मात्र आपोआप वर जातो.

मी शेवटच्या घराचं दार वाजवलं.

कौतिक आबांनी दार उघडलं, माझ्या हातातला तुकडा बघितला आणि बाजूला झाले. आत कोपऱ्यात पाटावर हळदीकुंकवाचे डाग होते.

"चुलत भाऊ शे," ते स्वतःच म्हणाले. "पन एकाच ताटमा वाढनूत. मंग विहीरवरथून झगडा व्हयना. सामाईक विहीर व्हती. भर उन्हायामा मी त्यानी मोटार बंद करी. त्याना भुईमूग जयी गया. तो बोलना नही, मी बी नही. कानबाई बी दोन व्हयन्यात, त्यानी येगळी, मनी येगळी."

"आणि इथे?"

"सुरतवाला पोरगा म्हने, आबा, आठे चांगली जागा शे, लिफ्ट शे, बगीचा शे. मी म्हनं, माले लिफ्ट नको. चिंध्या जठे शे, तठे माले ठेव." त्यांनी डोळे पुसले. "पोरेस्नी सुरतमा कानबाई बसाडनं सोडी दिन्हं. मी म्हनं, मी बसाडसू. इतवारे नारय मांडं. रोट भाजात. मंग एकलाच बसनू समोर. रोट काय एकला खावानी वस्तू शे का, बाई?"

आठवडाभर मी ह्या वसाहतीत गरम पाणी येतं का, रुग्णवाहिका किती वेळात पोचते, हेच विचारत हिंडत होते. हा माणूस जागा निवडताना एकच गोष्ट बघून आला होता.

"पण नाना उठले कसे? ते तर कोणाबरोबर उठत नाहीत."

कौतिक आबा प्रथमच हसले. "मी म्हनं, ऊठ चिंध्या, लाइट उनी, शेतमा पानी भराले जावानं शे. असा टनकन उठना! पाय धोया, जेवाडं. पाय भराले नको म्हनीसन मना बूट घालीसन परत लई जाई ऱ्हायनू व्हतू, तेवढामा आरडावरड व्हयनी. घाबरनू. बाकवर बसाडं, बूट काढात नि पळी गऊ." मग हळूच म्हणाले, "त्याले काही याद नही, म्हनीसन तर हिंमत व्हयनी. याद ऱ्हाती तर मना हातनं पानी बी पेता नही तो."

"नर्मदाबाईंवर आळ आलाय. नानांना नाशिकला नेतील. तुम्ही गप्प कसे राहिलात?"

त्यांनी मान खाली घातली. "सांगस तर माले काढी देतीन. मंग इतला जवळ ईसन बी बठ्ठं वाया गयं. पन चला. आते सांगस."

६

नानांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. नाना खाटेवर टेकून बसले होते, खिडकीबाहेर बघत. नर्मदाबाई त्यांच्या पायाशी. कौतिक आबा दारात आले आणि तिचा पदर डोक्यावर गेला. ह्या वेळी वृषालीनेही ते बघितलं.

आबांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. भूपेंद्र म्हणाला, "परवानगीशिवाय पेशंटला नेलं. आबांना इथून जावं लागेल. आणि नाना..."

"थांबा," वृषाली म्हणाली. "घरच्या माणसाने नेलं असेल तर ती न सांगता केलेली चूक आहे. पुढे सांगून न्यावं लागेल, एवढंच. परक्याने नेलं असेल तर मला विश्वस्तांना तसं कळवावं लागेल आणि नाना नाशिकला जातील. नर्मदाबाई, हे तुम्हीच सांगायचं. कौतिक आबा तुमच्या घरचे आहेत का?"

नर्मदाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शेत." आहेत. नवरा हातचा जाऊ नये म्हणून म्हटलेलं ते 'आहेत' होतं, बाकी त्यात काही नव्हतं. मला कळलं, तसं आबांनाही कळलं.

"माले माफ करा," ते नर्मदाबाईंकडे न बघता म्हणाले.

नर्मदाबाई आबांशी बोलल्या नाहीत. जेठाशी थेट बोलायची रीत नाही, त्यात इतक्या वर्षांचा अबोला. त्या माझ्याकडे वळल्या. "यास्ले सांगा, बाई. भुईमूग जळना तवय मना पोटमा पोर व्हतं नि घरमा दाना नव्हता. सासरा वारनात, तेराव्याले बी हाई मानूस उनं नही. आते जेवाडानं सुचनं. काब्र? तर ह्यास्ले याद नही म्हनीसन. ह्यास्ले याद नही, पन माले शे. बठ्ठं शे."

आबांची मान खाली गेली. ते जायला वळले. त्यांना थांबवावं असं मला फार वाटलं, पण थांबवणारी मी कोण? ती म्हणत होती ते खरंच होतं. विसरलेल्या माणसाकडून माफी मिळवणं सोपं असतं.

"भाऊ."

नानांचा आवाज. आम्ही सगळे वळलो. ते खिडकीकडेच बघत होते, पण आवाज स्वच्छ होता, घरातल्या कर्त्या माणसाचा.

"मोटार तूच बंद करेल व्हती, भाऊ. मी काही इसरनू नही."

कौतिक आबांनी दाराची चौकट धरली.

"मंग..." सगळं आठवत होतं तर आला कशाला, हे त्यांना विचारायचं होतं. "मंग तू मनासंगे काब्र उना रे?"

नानांनी मान वळवली आणि भावाकडे बघितलं, एवढं साधं कसं कळत नाही अशा नजरेने.

"तू बलावं ना. मंग उनू."

आणि झालं. डोळ्यातली ती ओळख जशी आली तशी निघून गेली. नाना पुन्हा खिडकीकडे वळले, धोतराचा सोगा चाचपू लागले, लाइट आली का म्हणून कोणाला तरी विचारू लागले. भूपेंद्रने चष्मा काढून पुसला. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नर्मदाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग उठल्या. खाटेशेजारी एकच खुर्ची होती, त्यांची रोजची. ती त्यांनी ओढून पुढे केली. पदर डोक्यावर तसाच होता, नजर जमिनीवर, पण बोलल्या त्या थेट जेठाशीच.

"भाऊ, बसा."

कौतिक आबा बसले.